संघामागे धावू नका, मुक्काम धरून राहा
वाचकांचे प्रश्न : विश्वचषक फुटबॉल आणि प्रवासाची आखणी

येत्या 11 जूनपासून 19 जुलैपर्यंत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत मिळून फुटबॉलचा विश्वचषक होणार आहे. 48 संघ आणि 104 सामने एवढा पसारा या स्पर्धेत आजवर कधीच मांडला गेला नव्हता, आणि तो 16 यजमान शहरांत विखुरलेला आहे. भारताचा संघ त्यात नसला, तरी कोल्हापुरापासून मडगावपर्यंतच्या वाचकांनी पाठवलेली पत्रे पाहता आपल्याकडच्या उत्साहाला त्याची फारशी अडचण झालेली दिसत नाही. त्यांतली सात पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रांचा मजकूर जागेअभावी आटोपशीर केला आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो. 2022 साली कतारमध्ये आठही मैदाने दोह्याच्या अवतीभवती होती. दुपारचा एक आणि रात्रीचा दुसरा सामना पाहून माणूस आपल्याच खोलीवर झोपायला येऊ शकत असे. अनेकांच्या मनात अजून तेच गणित आहे. यंदा ते मनातून काढून टाकावे लागेल. व्हँकुव्हर ते मायामी हे हवाई अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर आहे. आपले काश्मीर ते कन्याकुमारी त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश भरते.

कोल्हापूरहून एक वाचक : आम्ही चार मित्र. तिघे अर्जेंटिनाचे, एक ब्राझीलचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून गेली कित्येक वर्षे ठरवतो आहोत की एकदा तरी विश्वचषक प्रत्यक्ष पाहायचा. चौघांनाही जास्तीत जास्त दोन आठवड्यांची रजा मिळेल. अर्जेंटिनाचे सगळे साखळी सामने पाहावेत, पुढेही संघाबरोबर जावे आणि ब्राझीलच्या मित्रालाही नाराज करू नये, हे कसे जमवावे? एका सामन्याची चार तिकिटे घेतली आहेत, व्हिसाचा अर्ज मात्र अजून केलेला नाही.

उत्तर : पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. विश्वचषकाचे तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे, आणि व्हिसा नाकारला गेला म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे शुल्क 185 डॉलर आहे आणि अर्ज भरल्यानंतर मुलाखत द्यावी लागते. आपल्याला ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत द्यावी लागेल. ज्यांनी तिकिटे थेट फिफाकडून घेतली आहेत, त्यांना मुलाखतीची तारीख लवकर मिळावी यासाठी अमेरिकी सरकारने ‘फिफा पास’ नावाची सोय केली आहे. आपण तिकिटे फिफाच्या संकेतस्थळावरून घेतली असतील, तर आजच्या आज या सोयीचा लाभ घ्यावा. कोणा तिसऱ्याकडून घेतली असतील, तर ती सोय आपल्यासाठी नाही. तिने तारीख लवकर मिळते एवढेच, छाननी काही सैल होत नाही. मुलाखत घेणारा अधिकारी मुळात एकच गोष्ट ताडून पाहत असतो, ती म्हणजे हा माणूस सामने पाहून परत येईल का. नोकरी, व्यवसाय, घर, कुटुंब, खर्च कोण करणार आणि रजा किती दिवसांची, याची खरी आणि सरळ उत्तरे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत द्यावीत. चौघांनी पाठ करून एकच उत्तर देणे हा घोटाळ्याला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. चौघे एकत्र गेलात, तरी निर्णय प्रत्येकाचा वेगळा होतो. म्हणून एकाला नकार मिळाल्यास बाकीचे जाणार की नाही, हे आत्ताच बसून ठरवा. अशा वेळी विमानतळापेक्षा चहाच्या टपरीवर भांडलेले बरे.

आता आखणी. अर्जेंटिनाचा पहिला सामना 16 जूनला कॅन्सस सिटीत अल्जीरियाशी, दुसरा 22 जूनला डॅलसमध्ये ऑस्ट्रियाशी आणि तिसरा 27 जूनला डॅलसमध्येच जॉर्डनशी आहे. यानंतर खरी गंमत सुरू होते. अर्जेंटिना गटात पहिली आली, तर 3 जुलैला ती मायामीत खेळेल. दुसरी आली, तर 2 जुलैला लॉस एंजेलिसमध्ये. म्हणजे 27 जूनच्या रात्री निकाल लागेपर्यंत आपल्याला पूर्वेच्या समुद्राकडे जायचे की पश्चिमेच्या, हेच ठाऊक नसणार, आणि त्या रात्री हजारो लोक विमानाची तीच तिकिटे शोधत असणार. ‘पुढेही संघाबरोबर जावे’ या तीन शब्दांची किंमत एवढी आहे. माझा सल्ला असा की संघामागे धावू नये. एक भाग धरून बसावे आणि जे संघ तिथे येतील ते पाहावेत.

तो भाग आपल्यासाठी टेक्सास आहे. डॅलसमध्ये नऊ सामने आहेत. एवढे अन्य कोणत्याही शहराच्या वाट्याला आलेले नाहीत. ह्यूस्टनमध्ये सात आहेत. दोन्ही शहरांमधले अंतर सुमारे 385 किलोमीटर, म्हणजे आपले कोल्हापूर ते मुंबई धरा, आणि हमरस्त्याने चार तासांत ते कापता येते. आपण 20 जूनला डॅलसला पोहोचलात, तर 22 तारखेला अर्जेंटिना-ऑस्ट्रिया, 23 तारखेला ह्यूस्टनमध्ये पोर्तुगाल-उझबेकिस्तान आणि 27 तारखेला पुन्हा डॅलसमध्ये अर्जेंटिना-जॉर्डन असे तीन सामने धावपळ न करता पदरात पडतात. कॅन्सस सिटीचा सामना सोडून द्यावा. त्या एका सामन्यापायी रजेचे पाच-सहा दिवस वाढतात.

ब्राझीलच्या मित्राचे काय? ब्राझीलचे साखळी सामने न्यूजर्सी, फिलाडेल्फिया आणि मायामी येथे, म्हणजे पूर्वेच्या किनाऱ्यावर आहेत. परंतु ब्राझील आपल्या गटात पहिला आला, तर बाद फेरीतला त्याचा पहिला सामना 29 जूनला ह्यूस्टनमध्येच होईल. त्या सामन्याचे तिकीट मिळाले, तर चौघेही एकाच दौऱ्यात खूश होऊन 30 जूनला परतीच्या विमानात बसू शकतात. ब्राझील दुसरा आला, तर तो सामना मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहरात जाईल. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण परत अमेरिकेत शिरण्यासाठी आपला व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे पासपोर्टवर पाहून घ्यावे. तेव्हाही मी म्हणेन की मित्राने एकट्याने जावे आणि बाकीच्यांनी डॅलसमध्येच राहून 30 जूनचा तिथला बाद फेरीचा सामना गाठावा. ब्राझीलवाल्याला एवढी शिक्षा चालेल.

राहण्याच्या जागेबद्दल सावध करतो. ‘डॅलस’चे मैदान डॅलसमध्ये नाही. ते डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधोमध आर्लिंग्टन नावाच्या गावात आहे, आणि जवळपास चार लाख वस्तीच्या या गावात मेट्रो तर नाहीच, ठरलेल्या मार्गांची शहर-बससेवाही नाही. दोन्ही शहरांना जोडणारी लोकल गाडी गावाच्या उत्तरेकडून जाते आणि तिच्या सेंटरपोर्ट स्थानकापासून मैदानापर्यंत सामन्याच्या दिवशी बस सोडण्याची योजना आहे. म्हणून याच लोकलमार्गावर, उदाहरणार्थ अर्व्हिंगमध्ये, खोली पाहावी. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे, जेवणाची आबाळ होणार नाही. मोटार भाड्याने घेणार असाल, तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा आणि पहिल्या दिवशी शेजारी बसणाऱ्याने दर वळणावर ‘उजवीकडून, उजवीकडून’ असे ओरडत राहावे.

पुण्याहून एक वाचक : आमची मुलगी न्यूजर्सीत एडिसन येथे राहते. आम्हा दोघांकडे दहा वर्षांचा व्हिसा आहे आणि जून-जुलै तिच्याकडेच काढणार आहोत. जावई म्हणतात, अंतिम सामना घराजवळच आहे. मला गर्दीची भीती वाटते, यांना सामना पाहायचा आहे. काय करावे?

उत्तर : जावई बरोबर सांगत आहेत. अंतिम सामना ‘न्यूयॉर्क’चा म्हणून ओळखला जात असला, तरी मैदान हडसन नदीच्या अलीकडे, न्यूजर्सीतल्या ईस्ट रदरफोर्डमध्ये आहे. अंतिम सामन्याच्या तिकिटांचे दर मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेले आहेत आणि लेकीच्या घरी दोन महिने राहणाऱ्यांनी त्याच एका सामन्याचा हट्ट धरण्याचे कारणही नाही. त्याच मैदानावर 13 जूनला ब्राझील-मोरोक्को, 16 जूनला फ्रान्स-सेनेगल आणि 25 जूनला इक्वेडोर-जर्मनी असे सामने आहेत. पतिराजांना त्यांतला एखादा दाखवावा.

मोटारीने जाण्याचा विचार सोडून द्यावा, कारण एरवी मैदानाभोवती असणारी वाहनतळाची जागा या स्पर्धेत प्रेक्षकांसाठी जवळजवळ शिल्लक राहणार नाही. एडिसन किंवा मेट्रोपार्क स्थानकावर लोकल पकडावी, सिकॉकस जंक्शनला उतरून मैदानाकडे जाणाऱ्या खास गाडीत बसावे. मॅनहॅटनमध्ये शिरण्याची गरजच पडत नाही. सामन्याच्या दिवशी नेहमीचा पास किंवा तिकीट चालेल असे मात्र गृहीत धरू नये. त्या दिवसाचे रेल्वेचे तिकीट लेकीकडून आगाऊ काढून घ्यावे. सामना संपल्यावर तासभर जागेवरच बसून राहिलात, तर गर्दीची निम्मी भीती आपोआप ओसरेल. 2014 साली याच मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा मोठा अंतिम सामना झाला, तेव्हा परतीच्या गाडीसाठी लोक कितीतरी वेळ खोळंबले होते, आणि घाई करणारेच त्यात जास्त अडकले.

आपल्याला स्वतःला गर्दी नको असेल, तर फिलाडेल्फियाचा विचार करा. एडिसनहून लोकलने ट्रेंटन, तिथे गाडी बदलून फिलाडेल्फिया, आणि तिथून ब्रॉड स्ट्रीटच्या भुयारी रेल्वेने शेवटच्या स्थानकावर उतरले की समोर मैदान. फक्त 4 जुलैची तारीख टाळावी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा 1776 साली याच शहरात झाली, तिला त्या दिवशी अडीचशे वर्षे पूर्ण होत आहेत आणि नेमका त्याच दिवशी तिथे बाद फेरीचा सामना ठेवला आहे. त्या दिवशी लेकीच्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसणे हाच शहाणपणा.

मडगावहून एक वाचक : माझ्या भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझ्याकडे भारतीय. आम्हा दोघांना पोर्तुगालचे साखळी सामने पाहायचे आहेत. आम्हा दोघांची तयारी वेगवेगळी करावी लागेल का?

उत्तर : पूर्णपणे वेगळी. आपल्याला वर कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलेल्या वाटेनेच जावे लागेल. आपल्या भावाला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. ‘एस्टा’ नावाची ऑनलाइन परवानगी पुरते, तिचे शुल्क सुमारे 40 डॉलर आहे. ती काही नोंदींमुळे नाकारली जाऊ शकते, तेव्हा तिचा अर्जही विमानात बसण्याच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये. भारतात परतताना त्याला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) किंवा भारतीय व्हिसा जवळ हवा, हे तो जाणतच असेल.

पोर्तुगालचे पहिले दोन सामने 17 आणि 23 जूनला ह्यूस्टनमध्ये आहेत. तिथे शहराची ट्राम थेट मैदानापर्यंत जाते, त्यामुळे शहराच्या मध्यभागी राहिलात तरी चालेल. तिसरा, कोलंबियाविरुद्धचा सामना 27 जूनला मायामीत आहे आणि तो या गटातला सर्वांत चुरशीचा ठरेल असा माझा अंदाज आहे. फक्त मायामीचे मैदान समुद्रकिनाऱ्यावर नाही, ते बरेच आत, मायामी गार्डन्समध्ये आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलचे भाडे भरून रोज टॅक्सीचेही भाडे भरणारे पुष्कळ निघतील. आपण त्यांत नसावे.

नाशिकहून एक वाचक : तिकिटांच्या किमतींचा काही थांगच लागत नाही. एकाच सामन्याच्या पाच वेगवेगळ्या किमती पाहिल्या. ओळखीचा एक एजंट ‘खात्रीची तिकिटे’ देतो म्हणतो. घ्यावीत का?

उत्तर : घेऊ नयेत. तिकिटे फिफाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने खाते उघडूनच घ्यावीत. ती कागदावर मिळत नाहीत, भ्रमणध्वनीतल्या ॲपमध्ये येतात, त्यामुळे एजंटने हातात दिलेल्या छापील कागदाला प्रवेशद्वारावर काडीची किंमत नसते.

किमती बदलताना दिसतात, ते आपल्या डोळ्यांचा दोष नाही. मागणी वाढली की किंमत वाढवायची, ही विमान कंपन्यांची पद्धत या विश्वचषकात प्रथमच आणली गेली आहे. सुरुवातीच्या घोषणेत साखळी सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट 60 डॉलरचे आणि अंतिम सामन्याचे सर्वांत महाग 6,730 डॉलरचे होते. त्या 60 डॉलरच्या जागा किती जणांना दिसल्या, हा संशोधनाचा विषय आहे. लॉटरीचा टप्पा जानेवारीत संपला. आता शेवटच्या टप्प्यात जो आधी येईल त्याला, अशी विक्री आहे. त्याखेरीज फिफाच्याच पुनर्विक्रीच्या दालनात लोक आपली तिकिटे विकायला ठेवतात. तिथे फसवणुकीची भीती नाही, पण विकणाऱ्याकडून 15 टक्के आणि घेणाऱ्याकडूनही 15 टक्के कापले जातात, हे गणितात धरावे. मोठ्या संघांचा हट्ट सोडलात, तर खिशाला बरेच हलके पडेल. 26 जूनला ह्यूस्टनमध्ये केप व्हर्दे आणि सौदी अरेबिया खेळणार आहेत. जेमतेम पाच-सहा लाख वस्तीचा केप व्हर्देचा द्वीपसमूह पहिल्यांदाच विश्वचषकात उतरतो आहे. माझ्या मते तो सामना नावाजलेल्या संघांच्या रटाळ बरोबरीपेक्षा पाहण्यासारखा होईल.

आणखी एक घोटाळा टाळावा. स्पर्धेच्या काळात मैदानांवरची प्रायोजकांची नावे झाकली जातात आणि तिकिटावर ‘डॅलस स्टेडियम’, ‘बॉस्टन स्टेडियम’ अशी साधी नावे छापलेली असतात. नकाशात ती शोधून खोली घेऊ नये. ‘बॉस्टन स्टेडियम’ बॉस्टनपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर फॉक्सबरो गावात आहे.

सनीव्हेल, कॅलिफोर्नियाहून एक वाचक : आम्ही नोकरीच्या व्हिसावर इथे राहतो. मुलांना घेऊन एक सामना इथला आणि एक व्हँकुव्हरचा पाहावा असे मनात आहे. मधे सिॲटलही करता येईल का?

उत्तर : आपल्याइतके नशीबवान यजमान शहरातले लोकही नाहीत. ‘सॅन फ्रान्सिस्को’चे मैदान सॅन फ्रान्सिस्कोपासून साठेक किलोमीटरवर सँटा क्लारात आहे, म्हणजे खुद्द सॅन फ्रान्सिस्कोकरांना लांब आणि सनीव्हेलच्या मराठी घरांना हाकेच्या अंतरावर. आपल्या नातलगांना ही बातमी लागली, तर पाहुण्यांसाठी गाद्या आत्ताच आणून ठेवाव्यात.

सिॲटल आणि व्हँकुव्हर ही जोडी सोळा शहरांतली सर्वांत सोयीची आहे. दोन्ही मैदाने शहराच्या मध्यात आहेत, रेल्वे स्थानकावरून पायी जाता येते आणि दोन शहरांमधली रेल्वे सुमारे चार तासांत पोहोचवते. मुलांना तो समुद्राकाठचा प्रवास सामन्याहून जास्त आवडला, तरी आश्चर्य वाटायला नको. अडचण फक्त सीमेची आहे. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा अभ्यागत व्हिसा लागतोच. अमेरिकेचा व्हिसा तिथे उपयोगाचा नाही. तो आधी काढा, घरातल्या प्रत्येकाचा काढा. आपल्या अमेरिकेच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असली, तरी आय-94, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत सांगणारी नोंद, वैध असेल तर कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची सोय नियमांत आहे, पण त्या मुक्कामात तिथून नव्या शिक्क्यासाठी अर्ज केला की ती सोय रद्द होते. निघण्यापूर्वी कंपनीच्या वकिलाला कागद दाखवूनच घ्यावेत.

नागपूरहून एक वाचक : माझे वडील 66 वर्षांचे आहेत. 1986 साली शेजाऱ्यांकडे दूरदर्शनवर त्यांनी मॅराडोनाला पाहिले, तेव्हापासून मेक्सिको सिटीतल्या अझ्तेका मैदानाचे नाव त्यांच्या तोंडी आहे. अमेरिकेत भावाकडे जाऊन आल्यामुळे आम्हा दोघांकडे तिथला वैध व्हिसा आहे. 11 जूनच्या सलामीच्या सामन्याची दोन तिकिटे मिळाली आहेत. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. नेण्याची हिंमत करावी का? उन्हाचे काय?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने मारलेला एक गोल आणि त्यानंतर चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून एकट्याने नेऊन केलेला दुसरा, हे दोन्ही गोल 22 जून 1986 रोजी याच मैदानावर झाले. 1970 आणि 1986 असे दोन अंतिम सामने इथे खेळले गेले आणि आता तिसऱ्या विश्वचषकाचे सामने होणारे हे जगातले पहिले मैदान ठरेल. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिली, तर जरूर न्यावे.

उन्हाची काळजी इथे करू नये. नागपूरकरांनी जूनमधल्या मेक्सिको सिटीच्या उन्हाला घाबरणे शोभणारही नाही. तिथे तेव्हा पावसाळा असतो, दुपारनंतर सर येते आणि संध्याकाळी अंगावर स्वेटर लागतो. काळजी करायची ती उंचीची. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर उभे राहून आणखी सहाशे मीटर चढावे, इतक्या उंचीवर. तरण्याताठ्या माणसालाही पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांना ‘मेक्सिकोला जातो’ एवढेच न सांगता ही उंची आकड्यांत सांगा, औषधांबद्दल विचारा, आणि सामन्याच्या किमान तीन दिवस आधी पोहोचा. पहिले दोन दिवस हलके जेवण, भरपूर पाणी आणि फिरणे बेताचे ठेवा. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि इंग्रजी चिठ्ठीसह असावीत. प्रवासविमा घेताना रक्तदाबाची नोंद लपवू नये. लपवली, तर नेमक्या वेळी दावा नाकारायला तेच कारण पुरते.

मैदानाकडे जायला मेट्रोच्या दोन क्रमांकाच्या मार्गाने तास्केन्या या शेवटच्या स्थानकापर्यंत जावे, तिथून हलक्या रेल्वेने मैदानाच्या दारात उतरता येते. सलामीच्या दिवशीच्या गर्दीत वडिलांना घेऊन हा मार्ग धरण्यापेक्षा चार-पाच तास आधी निघून टॅक्सीने जेवढे जवळ जाता येईल तेवढे जावे आणि उरलेले अंतर सावकाश चालावे, असे मी सुचवेन. जमल्यास मैदानापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एकच रात्र मुक्काम करावा. अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा व्हिसा लागणार नाही, मात्र तो जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्यावेत.

खरा उकाडा हवा असेल, तर तो मायामी, कॅन्सस सिटी आणि मॉन्तेरे इथे भेटेल. डॅलस, ह्यूस्टन आणि अटलांटाच्या मैदानांना छप्पर आहे, आत थंडगार असते. मायामीत दुपारी विजा कडाडल्या, की सामना थांबवून प्रेक्षकांना आडोशाला जायला सांगतात. तेव्हा परतीचे विमान त्याच रात्रीचे घेऊ नये.

ठाण्याहून एक वाचक : मैदानात बरोबर काय नेता येते? आणि बहिणीसाठी हापूस नेला तर चालेल का?

उत्तर : हापूस नेऊ नये. ताजी फळे प्रवाशाच्या सामानातून अमेरिकेत नेता येत नाहीत. विमानतळावर पेटी काढून घेतली जाते, आणि सांगितली नसेल तर दंडही होतो. चिवडा, मसाले, पापड न्यावेत आणि खाद्यपदार्थ असल्याचे अर्जात निमूटपणे लिहावे.

मैदानातल्या सामानाबद्दल माझ्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका मैदानाच्या दारात मला अडवले गेले. खांद्याला चामड्याची छोटी पिशवी होती, तिच्यात पाण्याची बाटली, चष्म्याचे घर आणि दशम्यांची पुडी. पहारेकरी मोठ्या प्रेमाने म्हणाला की पिशवी आरपार दिसणारी हवी. तिथल्या मोठ्या मैदानांवर साधारण 12 इंच लांब, 12 इंच उंच आणि 6 इंच रुंद एवढीच पारदर्शक पिशवी चालते, शिवाय तळहाताएवढे एखादे पाकीट. मी उलट्या पावली अर्धा किलोमीटर चालत गेलो, सामान ठेवण्याच्या गाडीपुढे रांग लावली, डॉलर मोजले, आणि परत येईपर्यंत पहिला गोल होऊन गेला होता. दशम्या तेवढ्या रांगेतच खाऊन घेतल्या.